‘व्हॉट्स माय लाइन?’: जुना पॅनेल शो बघायचा कसा आणि घरी खेळायचा कसा

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर २ फेब्रुवारी १९५० ला ‘व्हॉट्स माय लाइन?’ सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ ला संपला. बहुतेक काळ रविवारी रात्री साडेदहाला, अर्धा तास. खेळ एका ओळीत सांगता येतो: एक अनोळखी माणूस येतो आणि तो पोटापाण्यासाठी काय करतो हे चौघांच्या पॅनेलने हो-नाहीचे प्रश्न विचारून ओळखायचं. सगळ्यात मोठं बक्षीस ५० डॉलर. एवढ्या भांडवलावर साडेसतरा वर्षं आणि पावणेनऊशेच्या आसपास भाग झाले.

यातले शेकडो भाग आज यूट्यूबवर फुकट बघता येतात. पण नवखा प्रेक्षक बहुधा उलट्या टोकाने शिरतो. हॉलिवूडच्या एखाद्या तारकेची पाच मिनिटांची क्लिप समोर येते, तो ती बघतो, ‘ओळखलं बुवा’ म्हणतो आणि पुढे सरकतो. तारे-तारका हा या कार्यक्रमातला गोड पदार्थ होता. जेवण म्हणजे अनोळखी माणसांच्या फेऱ्या, आणि त्या समजायच्या तर नियम नीट माहीत हवेत.

आधी नियम

स्पर्धक आत येतो आणि फळ्यावर खडूने आपलं नाव लिहितो. सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली त्याला शेजारच्या खुर्चीत बसवतो. मग घरच्या प्रेक्षकांना पडद्यावर स्पर्धकाचा व्यवसाय दिसतो, स्टुडिओतल्यांनाही कळतो. पॅनेलला फक्त दोन गोष्टी सांगितल्या जातात: हा माणूस पगारी आहे की स्वतःचा धंदा करतो, आणि त्याचा संबंध वस्तूशी आहे की सेवेशी.

त्यानंतर पॅनेलमधला एक जण विचारायला लागतो. उत्तर ‘हो’ आलं की त्याचीच पाळी चालू राहते. ‘नाही’ आलं की डेली टेबलावरचं एक कार्ड उलटतो, स्पर्धकाच्या खात्यात ५ डॉलर जमा होतात आणि पाळी पुढच्याकडे जाते. दहा ‘नाही’ झाले की ५० डॉलर आणि खेळ खलास. मध्येच पॅनेल ‘आम्ही जरा आपसांत बोलू का?’ असं विचारू शकतं. मग चौघं डोकी एकत्र करून कुजबुजतात. तेवढ्यापुरता प्रश्न थांबतो.

सुरुवातीच्या वर्षांत स्पर्धकाला पॅनेलसमोरून चालत नेत, प्रत्येकाला एकेक फुकटचा अंदाज बांधू देत. पुढे ते बंद केलं. म्हणून १९५२-५३ चा भाग बघून लगेच १९६२ चा लावलात तर नियम बदलल्यासारखे वाटतील, आणि ते खरंच बदललेले असतात.

गुप्त पाहुण्याची फेरी वेगळी. पाहुणा प्रसिद्ध असतो, म्हणून पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या. इथे १९५५ पासून प्रत्येकाला एका वेळी एकच प्रश्न मिळू लागला, उत्तर ‘हो’ आलं तरी पाळी पुढे. त्यामुळे ही फेरी भरभर चालते आणि पाहुणा आवाज बदलून बोलत असल्यामुळे हशाही जास्त. मात्र प्रश्नांची साखळी कशी बांधतात ते शिकायचं असेल तर ती इथे दिसणार नाही.

वेळ संपत आली की डेली उरलेली सगळी कार्डं एकदम उलटून स्पर्धकाला पूर्ण रक्कम देऊन टाकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही मनमानी वाटते. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा, घड्याळ कुणासाठी थांबणार नव्हतं आणि ५० डॉलरसाठी कुणी वाद घालणारही नव्हतं. या किरकोळ बक्षिसाने पुढे पॅनेल शो तारलेही. १९५८ मध्ये मोठमोठ्या रकमांचे क्विझ शो आतून ठरवून खेळवले जातात हे उघड झालं आणि ते धडाधड बंद पडले. ५० डॉलरच्या खेळात लबाडी करून कुणाला काय मिळणार होतं?

‘हो’ फुकट, ‘नाही’ महाग

वीस प्रश्नांचा खेळ आपल्याकडे बऱ्याच जणांनी खेळलेला असतो. तिथे हो काय आणि नाही काय, दोन्हीला एकच प्रश्न खर्च होतो. म्हणून तिथला चांगला प्रश्न म्हणजे उरलेल्या शक्यता निम्म्या करणारा. ‘व्हॉट्स माय लाइन?’मध्ये ‘हो’ला काहीच किंमत नाही. ‘नाही’ मात्र एक कार्डही नेतं आणि पाळीही. त्यामुळे इथला चांगला प्रश्न म्हणजे ‘हो’ येण्याची शक्यता बरीच जास्त आहे आणि तरी थोडी माहिती हाती लागते, असा. हे एकदा डोक्यात बसलं की पॅनेलच्या विचित्र वाटणाऱ्या वाक्यरचना उलगडतात.

उदाहरणार्थ, त्यांना संशय असतो की वस्तू खाण्याची नाही. ‘ही खाता येते का?’ असं विचारलं तर ‘नाही’ येईल. म्हणून ते विचारतात, ‘ही खाण्याची वस्तू नाही असं मी धरून चालू का?’ उत्तर येतं ‘हो’, आणि पाळी हातातच राहते. माहिती तीच, दंड शून्य. पॅनेलवरच्या आर्लीन फ्रान्सिस आणि डोरोथी किलगॅलन या दोघी यात पटाईत. एखादा भाग केवळ हे मोजत बघा: किती ‘हो’ प्रत्यक्षात ‘नाही’चे होते?

दुसरी युक्ती म्हणजे मापाचा प्रश्न. विनोदवीर स्टीव्ह ॲलन १९५३ मध्ये पॅनेलवर आला आणि त्याने विचारलं, ‘वस्तू ब्रेडबॉक्सपेक्षा मोठी आहे का?’ ब्रेडबॉक्स म्हणजे तिकडच्या स्वयंपाकघरात पाव ठेवायचा डबा. प्रत्येक घरात असलेली, सगळ्यांना आकार माहीत असलेली वस्तू. प्रश्न इतका गाजला की पुढे स्पर्धक आणि प्रेक्षक तो येण्याचीच वाट बघत.

सेवेच्या बाजूने गेल्यावर त्यांची उतरंड साधारण अशी असते. सेवा माणसांना मिळते का? पुरुषांना आणि बायकांना सारखीच? ती घेताना माणूस खूश असतो का? काही अंगावरून काढावं लागतं का? स्पर्धकाचा हात गिऱ्हाइकाला लागतो का? वस्तूच्या बाजूला: जिवंत आहे का, घरात सापडते का, या खोलीत आत्ता कुणाजवळ असेल का, अंगावर घालतात का, मग माप. ‘या खोलीत असेल का’ हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार उपयोगी आहे. ‘हो’ आलं तर कपडे, दागिने, खिशातल्या वस्तू, फर्निचर, दिवे यांच्यापुरतंच जग उरतं.

आणि डेलीकडे लक्ष ठेवा. उत्तर थेट हो-नाहीत बसत नसेल तर तो मध्ये पडून लांबलचक, उपवाक्यांनी भरलेलं स्पष्टीकरण देतो आणि शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’वर येऊन थांबतो. सुरुवातीला कंटाळा येईल. पण पॅनेलला फसवायचं नाही आणि गुपितही फोडायचं नाही, या दोन्हींच्या मधून तो वाक्य कसं काढतो ते दोन-तीन भागांनंतर बघण्यासारखं वाटायला लागतं.

खुर्च्यांवर कोण

डेली मूळचा बातमीदार. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी सीबीएस रेडिओवरून अमेरिकेला सांगणारा आवाज त्याचा. गंमत म्हणजे १९५० च्या दशकात तो रविवारी सीबीएसवर हा खेळ चालवायचा आणि आठवडाभर प्रतिस्पर्धी एबीसीच्या वृत्तविभागाचा प्रमुख म्हणून काम करायचा.

पडद्याच्या डाव्या टोकाला बहुधा डोरोथी किलगॅलन. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात ब्रॉडवेवर स्तंभ लिहायची, खुनाच्या खटल्यांचं वार्तांकन करायची. तिला जिंकायचंच असतं, आणि ते लपत नाही. उजव्या टोकाला बेनेट सर्फ, रँडम हाउस या प्रकाशन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. कोट्या करायची दांडगी हौस, बऱ्याच कोट्या फसलेल्या. आर्लीन फ्रान्सिस रंगभूमीवरची नटी. दुसऱ्या भागापासून शेवटपर्यंत होती, गळ्यात हिऱ्यांचं बदामाच्या आकाराचं पदक. स्पर्धक घाबरलेला असला तर त्याला सैल करण्याचं काम तिच्याकडे असल्यासारखंच. तिच्या हसण्यात कुणाचा पाणउतारा नसतो, आणि म्हणून चौघांत आधी तीच आवडते.

उरलेली खुर्ची बदलती. आधी हॅल ब्लॉक, मग स्टीव्ह ॲलन, मग रेडिओवरचा विनोदवीर फ्रेड ॲलन. १७ मार्च १९५६ ला, शनिवारी, फ्रेड ॲलन अचानक वारला. रविवारी कार्यक्रम झाला आणि स्टीव्ह ॲलन त्याच्या जागी बसला. त्यानंतर ती खुर्ची पाहुण्या पॅनेलिस्टची झाली.

पुरुष काळ्या बो-टायमध्ये, बायका उंची गाऊनमध्ये, लांब हातमोजेही. ‘मिस किलगॅलन’, ‘मिस्टर सर्फ’ असंच एकमेकांना बोलावणं. रात्री साडेदहाला आपण एखाद्याच्या दिवाणखान्यात पाहुणे म्हणून गेलो आहोत, असा सगळा बाज.

कोणते भाग, कोणत्या क्रमाने

१. सुरुवात १९५७ ते १९६४ मधल्या कोणत्याही तीन भागांनी करा. तारखा मुद्दाम निवडू नका. घडी बसलेली असते, नियम स्थिरावलेले असतात, चित्रही बऱ्यापैकी स्वच्छ.

२. मग १९५७ मधला चित्रकार साल्वादोर दालीचा भाग. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं पॅनेल विचारत जातं आणि दाली जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, कारण त्याच्या मते तो सगळंच आहे. डेलीला पुन्हा पुन्हा मध्ये पडावं लागतं. नियम माहीत असतील तरच हा भाग पोट धरून हसवतो. म्हणून तो पहिला बघू नये.

३. १९५६ मधला वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटचा भाग, १९५३ मधला एलिनॉर रूझवेल्ट यांचा, १९५४ मधला आल्फ्रेड हिचकॉकचा. क्रम काहीही चालेल.

४. १९६३ मधला केएफसीवाला कर्नल सँडर्स. तो गुप्त पाहुणा म्हणून आला नव्हता, साध्या स्पर्धकासारखा आला. पॅनेलचे डोळे उघडे होते आणि तरीही तो चेहरा त्यांना काही सांगत नव्हता. आज जगभर दुकानांच्या पाट्यांवर असलेला चेहरा.

५. पहिला भाग, २ फेब्रुवारी १९५०, आता बघा. स्टॉर्क क्लब या न्यूयॉर्कच्या नाइटक्लबात गिऱ्हाइकांच्या टोप्या सांभाळणारी मुलगी स्पर्धक होती, आणि पहिला गुप्त पाहुणा यांकीज संघाचा बेसबॉलपटू फिल रिझुटो. सगळं अवघडलेलं आहे. आर्लीन नाही, सर्फ नाही. आधी बघितलात तर कार्यक्रमाबद्दल चुकीचं मत होईल.

६. १४ नोव्हेंबर १९६५ चा भाग शेवटाकडे ठेवा. ७ नोव्हेंबरच्या रविवारी डोरोथी किलगॅलन नेहमीसारखी खेळली आणि दुसऱ्या दिवशी घरी मृत सापडली. पुढच्या रविवारी तिच्या खुर्चीत गायिका-अभिनेत्री किटी कार्लाइल बसली. किलगॅलनचे तीस-चाळीस भाग बघून मग इथे आलात तर चौघांच्या आवाजातला फरक ऐकू येईल. थेट इथे आलात तर ही नुसती बातमी.

७. ३ सप्टेंबर १९६७ चा शेवटचा भाग. शेवटचा गुप्त पाहुणा स्वतः डेली.

१९५० ते १९५२ च्या मध्यापर्यंतचे भाग फारच थोडे सापडतील. तेव्हा थेट प्रक्षेपण जपायचं तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून छायाचित्रण करत. त्याला किनेस्कोप म्हणतात. वाहिनी या फिल्म फेकून देई. निर्माते मार्क गुडसन आणि बिल टॉडमन यांना ते कळल्यावर १९५२ पासून त्यांनी पैसे मोजून त्या जपायला लावल्या. याच कारणाने चित्र थोडं धूसर, कडा ओढल्यासारख्या, पांढरे कपडे भगभगीत. तुमच्या नेटचा दोष नाही, व्हिडिओची गुणवत्ता वाढवून फरक पडणार नाही. १९६६ च्या शरदापासून कार्यक्रम रंगीत झाला, तरी ते भागही आज बहुतांशी काळेपांढरेच मिळतात, कारण उरलेत ते किनेस्कोप.

उत्तर लपवून बघायचं असेल तर

पॅनेलबरोबर खेळायचं असेल तर तीन ठिकाणी उत्तर फुटतं. पहिलं, व्हिडिओचं शीर्षक आणि छोटं चित्र: त्यात गुप्त पाहुण्याचं नाव ठळक असतं. घरातल्या दुसऱ्याला भाग निवडून सुरू करायला सांगा आणि आपण तोंड फिरवून बसा. दुसरं, फळ्यावरची सही. तिसरं, पडद्यावर उमटणारा व्यवसाय. स्पर्धक खुर्चीत बसला आणि डेली म्हणाला की आता प्रेक्षकांना तुमचं काम सांगू या, की डोळे मिटायचे. प्रेक्षकांचा हशा किंवा टाळ्या ओसरल्या की उघडायचे. तो हशाही एक धागाच असतो, आणि पॅनेल तोही वापरतं: मोठा हशा म्हणजे माणूस आणि काम यांचा मेळ बसत नाही, उदाहरणार्थ नाजूक बाई आणि रांगडं काम.

गुप्त पाहुण्याच्या फेरीत टाळ्यांचा कडकडाट किती वेळ चालला ते पॅनेल ऐकतं. शिवाय किलगॅलन आणि सर्फ यांना त्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये कोणाचं नाटक लागलं, कोणाचा चित्रपट येतोय, हे रोजच्या कामामुळे ठाऊक असायचं. म्हणून कधी कधी तिसऱ्याच प्रश्नाला नाव येतं आणि आपल्याला जादू वाटते.

आपोआप येणाऱ्या इंग्रजी सबटायटल्सवर विसंबू नका. चौघं एकदम बोलतात, प्रेक्षक हसतात, आणि यंत्र काहीतरी भलतंच लिहितं. वेग पाऊणपट केला की डेलीची लांब वाक्यंसुद्धा पकडता येतात.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. तरुण बाई आत आली की प्रेक्षकांतून शिट्ट्या वाजतात. तिच्या दिसण्यावर शेरे होतात, आणि बाई अमुक काम करते हाच विनोद असतो. याच निर्मात्यांच्या ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या दुसऱ्या पॅनेल शोमध्ये सिगारेटची जाहिरात कार्यक्रमाचाच भाग असल्यासारखी येते.

दोन भावंडं, आणि एक ब्रिटिश चुलत भाऊ

गुडसन-टॉडमन जोडीचे आणखी दोन पॅनेल शो सीबीएसवरच चालले. ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ १९५२ ते १९६७: सूत्रसंचालक गॅरी मूर, १९६४ पासून स्टीव्ह ॲलन, पॅनेलवर बिल कलन, हेन्री मॉर्गन, जेन मेडोज, बेट्सी पामर, बेस मायरसन. इथे व्यवसायाऐवजी गुपित ओळखायचं. बक्षीस ८० डॉलर. बाज मोकळाढाकळा, हातमोजे वगैरे काही नाही.

यातले दोन भाग चुकवू नका. ९ फेब्रुवारी १९५६ ला ९५ वर्षांचे सॅम्युएल सीमोर आले. पाच वर्षांचे असताना ते फोर्ड्स थिएटरमध्ये होते आणि लिंकनवर गोळी झाडली गेली त्या रात्रीचे ते शेवटचे हयात साक्षीदार. जेन मेडोजने ओळखलं. दोन महिन्यांनी, १२ एप्रिलला, ते वारले. दुसरा १९५७ चा: ‘डॉक्टर एक्स’ या नावाने फायलो फार्न्सवर्थ आले. गुपित असं की इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनचा शोध त्यांचा. पॅनेलने विचारलं, हे यंत्र वापरताना त्रास होतो का? ते म्हणाले, हो, कधी कधी फारच होतो. टीव्हीवर बसलेल्या चौघांना टीव्हीच्या जनकाला ओळखता आलं नाही. ते ८० डॉलर आणि सिगारेटचं एक खोकं घेऊन घरी गेले.

‘टू टेल द ट्रुथ’ १८ डिसेंबर १९५६ ला सुरू झाला. सूत्रसंचालक बड कॉलियर, रेडिओवरच्या सुपरमॅनचा आवाज. तीन जण येतात, तिघंही तेच नाव सांगतात. एक प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं जातं. खऱ्याला खरंच बोलावं लागतं, दोन तोतयांना वाटेल ते खोटं बोलायची मुभा. शेवटी खऱ्याने उभं राहायचं, आणि इथे तिघंही अर्धवट उठून पुन्हा बसतात, ती पाच-सहा सेकंदं सगळ्यात छान. चुकीच्या प्रत्येक मताला २५० डॉलर, चारही चुकले तर १०००. पॅनेलवर टॉम पोस्टन, पेगी कॅस, ऑर्सन बीन, किटी कार्लाइल.

‘व्हॉट्स माय लाइन?’ची बीबीसीवरची आवृत्ती १९५१ ते १९६३ चालली, सूत्रसंचालक इमन अँड्र्यूज. तिथे स्पर्धक आधी आपल्या कामाची मूक नक्कल करून दाखवायचा, आणि पॅनेलवरचा गिल्बर्ट हार्डिंग त्याच्या तिरसटपणासाठीच लोकप्रिय. या आवृत्तीची फारच थोडी ध्वनिचित्रमुद्रणं उरली आहेत, म्हणून त्यामागे नवख्याने वेळ घालवू नये.

घरी किंवा मंडळात खेळायचं तर

आधी बैठक कुणाची आहे ते बघा आणि त्यावरून खेळ निवडा. इथेच बहुतेक जण चुकतात. सोसायटीचा गणेशोत्सव, परगावचं महाराष्ट्र मंडळ, जिथे निम्मे लोक एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे ‘व्हॉट्स माय लाइन?’. नातेवाइकांत व्यवसाय लपत नाही, तिथे गुपितांचा खेळ. आणि दोन गट पहिल्यांदाच भेटत असतील तर तोतयांचा.

माणसं: सूत्रसंचालक एक, पॅनेलवर चार, स्पर्धक तीन, गुप्त पाहुणा एक. एका फेरीला सात मिनिटं धरा, उठबस धरून सगळं पाऊण तासात बसतं.

सामान: जुनं स्पायरलचं टेबल कॅलेंडर घ्या. पानांच्या कोऱ्या बाजूला जाड मार्करने १ ते १० आकडे काढा. कोरी बाजू नसेल तर कागद चिकटवा. प्रत्येक ‘नाही’ला पान उलटायचं. सुटी कार्डं वापरू नका, पंख्याच्या वाऱ्याने उडतात आणि मागच्या रांगेला दिसतही नाहीत. पाच रुपयांची दहा नाणी समोर ठेवा, पान उलटताना एक स्पर्धकाकडे सरकवा. डोळ्यांसाठी प्रवासातले झोपायचे मास्क उत्तम. ओढणी बांधायची तर चार पदरी. दोन पदरांतून दिव्याखाली आकृती दिसते. पांढरा बोर्ड, मार्कर, मोबाइलचा टायमर.

स्पर्धक निवडताना पदनाम बघू नका, काम बघा. ‘सीनियर मॅनेजर’ला कुणी काय विचारणार? कल्हई लावणारे, गणपतीच्या मूर्तीचे डोळे रेखणारी, लिफ्टची तपासणी करणारे, वधूवरांच्या पत्रिका जुळवणारी, साप पकडणारे: पाच-सहा शब्दांत सांगता येईल आणि ऐकताच डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहील, असं. फार दुर्मिळही नको. पॅनेलने ऐकलंच नसेल असं काम ठेवलं तर दहा ‘नाही’ मुकाट्याने पडतात आणि उत्तर सांगितल्यावरही कुणी हसत नाही.

सूत्रसंचालकाने स्पर्धकाबरोबर आधी पाच मिनिटं बसून ठरवावं: पगारी की स्वतंत्र, वस्तू की सेवा, गिऱ्हाईक कोण, हात कशाला लागतो, काम घरात की बाहेर, गणवेश आहे का. ही उत्तरं आधी ठरली नाहीत तर स्पर्धक स्टेजवर ‘म्हणजे, तसं बघायला गेलं तर’ म्हणत सूत्रसंचालकाकडे बघतो आणि त्या बघण्यातच पॅनेलला निम्मं कळतं.

प्रश्नांचे तीन नियम सुरुवातीलाच माइकवरून सांगा. ‘अमुक की तमुक?’ असा दुहेरी प्रश्न चालणार नाही. ‘तुम्ही ऑफिसात बसत नाही ना?’ असा नकारार्थी प्रश्नही नको. त्यावर ‘हो’ म्हटलं काय आणि ‘नाही’ म्हटलं काय, दोन्हींचा अर्थ तोच निघतो आणि भांडण होतं. त्याऐवजी ‘ऑफिसातलं काम मी वगळू का?’ असं विचारावं, हे चालतं आणि चतुर पॅनेल तेच करेल. तिसरं, अर्धवट बरोबर उत्तराला ‘हो’ धरायचं, सूत्रसंचालकाचा शब्द अखेरचा. मापाच्या प्रश्नाला ब्रेडबॉक्सऐवजी पाच लिटरचा कुकर धरा. तो सगळ्यांना माहीत असतो.

गुप्त पाहुण्याच्या फेरीत मराठीची एक अडचण आहे. ‘मी आलो’ की ‘मी आले’, एका क्रियापदात बाई की पुरुष ते कळतं. पाहुण्याने फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणावं, तेही आवाज बदलून, नाहीतर टेबलावर टकटक करावी: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सूत्रसंचालकाने ‘ते’ किंवा ‘त्या’ न म्हणता सतत ‘आपले पाहुणे’ म्हणावं. बांगड्या आणि पैंजण आधी काढून ठेवायला सांगा. अत्तरही नको, विशेषतः नवरा किंवा बायको पॅनेलवर असेल तर. चपला बाहेर, घरातल्या माणसाची चाल चपलेच्या आवाजावरून लगेच ओळखतात.

प्रेक्षक उत्तरं फोडतात, हे गृहीत धरा. लहान मुलांना पहिल्या रांगेत बसवू नका. व्यवसाय लिहिलेला फलक पॅनेलच्या मागून प्रेक्षकांना दाखवताना पॅनेलसमोर काच, टीव्ही किंवा चकचकीत कपाट नाही ना ते बघून घ्या. बंद टीव्हीच्या काळ्या पडद्यात फलक स्वच्छ वाचता येतो.

तोतयांचा खेळ असेल तर तिघांना निदान दोन दिवस आधी एकत्र बसवा. खऱ्याने तोतयांना आपल्या कामातले दहा शब्द आणि तीन खाचाखोचा शिकवाव्यात. विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला तिघांची तीन उत्तरं आली तरी चालतं, पण तिघंही अडखळले तर खेळ पडला. प्रतिज्ञापत्र शंभर शब्दांच्या वर नको. आणि शेवटी ‘खरे कोण, उभे राहा’ म्हटल्यावर कोण आधी हलणार, कोण अर्धा उठून बसणार, याची तालीम करून घ्या, नाहीतर खरा माणूस घाईघाईने एकटाच उभा राहतो.